पाश्चात्त्य तत्त्वज्ञान : वाचनाचा आरंभ कोठून करावा?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासास नव्याने प्रवृत्त झालेला जिज्ञासू वाचक बहुधा दोनपैकी एका मार्गाने जातो. एक तर तो एखादा बृहद् इतिहासग्रंथ हाती घेतो आणि इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील मायलीटस नगरीच्या थेलीसपासून प्रारंभ करून, शतकामागून शतक ओलांडीत, आपल्या काळापर्यंत येऊन पोचण्याचा संकल्प सोडतो. किंवा ज्या नावाचा दबदबा त्याने सर्वत्र ऐकलेला असतो त्या कांटचा अथवा हेगेलचा मुख्य ग्रंथच ग्रंथालयातून घरी आणतो. पहिल्या मार्गाचा प्रवासी थेलीस, ॲनॅक्सिमँडर, हेराक्लायटस, पार्मेनिडीस ही नावे आणि त्यांच्यापुढे लिहिलेली एकेक ओळीची मते पाठ करून थकतो. दुसऱ्या मार्गाचा प्रवासी पहिल्या तीस पृष्ठांतच हतबल होतो. आणि दोघेही, हा विषय आपल्या आवाक्यातला नव्हे, असा निष्कर्ष काढून पुस्तक मिटतात. हा निष्कर्ष सर्वस्वी निराधार आहे. ज्याला मराठीतील एखादा गंभीर निबंध लक्षपूर्वक वाचून त्यातील मुद्दे दुसऱ्याला सांगता येतात, त्याला प्लेटो, देकार्त आणि ह्यूम वाचता येतात. मात्र ते कोणत्या क्रमाने व कोणत्या रीतीने वाचावेत, याचा काही विचार आधी झाला पाहिजे.

प्रस्तुत प्रकरणाचे प्रतिपाद्य असे की, आरंभ इतिहासापासून करू नये आणि सर्वांत मोठ्या ग्रंथापासूनही करू नये; ज्या लहानशा पण स्वयंपूर्ण ग्रंथात एखादा प्रश्न दोन पक्षांमध्ये खराखुरा लढवला जात आहे, अशा ग्रंथापासून करावा. आपल्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याचा शिरस्ता आहे, आणि तो पूर्वपक्ष जितक्या समर्थपणे मांडलेला असेल तितकी उत्तरपक्षाची प्रतिष्ठा अधिक, हे शांकरभाष्याच्या किंवा न्यायशास्त्राच्या वाचकास सांगावयास नको. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही अशाच वादांच्या अखंड परंपरेतून वाढलेले आहे; परंतु तेथे पूर्वपक्ष पुष्कळदा दुसऱ्याच ग्रंथात, दुसऱ्याच माणसाच्या लेखणीतून उतरलेला असतो, आणि तो शोधून मूळ ग्रंथाशेजारी ठेवण्याचे काम वाचकाला स्वतः करावे लागते. ही सवय लावणारे ग्रंथ प्रथम वाचावेत, आणि ती सवय गृहीत धरणारे मागाहून वाचावेत, हे एकच सूत्र धरून पुढील क्रम सुचवलेला आहे.

इतिहासग्रंथांचे स्थान

थेलीसने स्वतः लिहिलेले एक अक्षरही आज उपलब्ध नाही. सर्व वस्तूंचे मूळ पाणी होय असे त्याचे मत होते, ही हकीकत आपल्याला मुख्यतः ॲरिस्टॉटलकडून कळते, आणि ॲरिस्टॉटल तर थेलीसनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. हेराक्लायटसची काही सुटी वचने आणि पार्मेनिडीसच्या काव्याचे काही खंड एवढेच उरलेले आहे. पाणीच का, असे थेलीसला विचारावे तर उत्तर देण्यास त्याचा ग्रंथ नाही. म्हणून येथून आरंभ करणाऱ्या वाचकाच्या पदरी मते पडतात, त्या मतांमागील कारणे पडत नाहीत, आणि कारणांवाचून मत म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. या अवशेषांवरून एका विचारपरंपरेची पुनर्रचना करणे हे मोठ्या विद्वत्तेचे काम आहे. पुढे प्लेटो परिचयाचा झाल्यावर त्याची गोडीही लागते, पण ते आरंभीचे काम नाही.

याचा अर्थ इतिहासग्रंथ वर्ज्य करावेत असा नाही. प्रवासात नकाशा जसा जवळ बाळगावा, पण नकाशा पाहिला म्हणजे प्रवास घडला असे समजू नये, तसे त्यांचे स्थान समजावे. बर्ट्रांड रसेल यांचा 1945 साली प्रसिद्ध झालेला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास भाषेच्या प्रसन्नतेमुळे आजही वाचनीय आहे, परंतु त्यात लेखकाच्या आवडीनिवडी उघड दिसतात, आणि नीत्शेसारख्या त्यांना न रुचणाऱ्या तत्त्वज्ञाची बाजू तेथे पुरती ऐकून घेतली जात नाही. विल ड्युरांट यांचे 1926 सालचे पुस्तक माणसांची चरित्रे रंगवून सांगते, म्हणून उत्साह वाढवण्यास चांगले. युक्तिवाद समजण्यास अपुरे. मराठीत मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ आणि दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ ही दोन साधने हाताशी असावीत. एखादे नाव किंवा संज्ञा अडली की त्यांत पाहावे आणि पुन्हा मूळ ग्रंथाकडे परतावे.

तीन लहान संवाद

आरंभास सर्वांत योग्य ग्रंथ कोणता, असे एकच नाव विचारले तर ते प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादाचे सांगावे लागेल, आणि त्याच्याच पाठोपाठ ‘अपॉलॉजी’ व ‘क्रिटो’ यांचे. तिन्ही मिळून एका माफक पुस्तकात सहज मावतात. इसवी सनापूर्वी 399 या वर्षी अथेन्समध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर जो खटला झाला, त्याच्या आधीचा प्रसंग पहिल्यात, खुद्द न्यायसभेतील भाषण दुसऱ्यात आणि शिक्षेच्या अंमलबजावणीपूर्वी तुरुंगात झालेले संभाषण तिसऱ्यात आहे. सॉक्रेटिसने स्वतः काहीही लिहिले नाही. खटल्याच्या वेळी प्लेटो सुमारे अठ्ठावीस वर्षांचा होता आणि तो न्यायसभेत हजर होता, असे ‘अपॉलॉजी’तील उल्लेखावरूनच कळते.

‘युथिफ्रो’चा प्रसंग असा. धर्मविषयक फिर्यादी ज्या अधिकाऱ्यापुढे दाखल होत त्याच्या कचेरीच्या ओसरीवर सॉक्रेटिस आणि युथिफ्रो यांची गाठ पडते. सॉक्रेटिस आरोपी म्हणून आलेला आहे. युथिफ्रो फिर्यादी म्हणून, आणि त्याची फिर्याद स्वतःच्या जन्मदात्यावर आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतीवर एका मजुराने दारूच्या भरात घरच्या एका गुलामाचा खून केला. युथिफ्रोच्या वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकले, आणि पुढे काय करावे हे धर्माधिकाऱ्यांना विचारण्यास अथेन्सला माणूस पाठवला. तो माणूस परत येण्यापूर्वीच मजूर भुकेने व थंडीने मेला. युथिफ्रोच्या मते खून तो खून; करणारा बाप असला म्हणून दोष धुऊन जात नाही. नातलग म्हणतात, बापावर फिर्याद करणे हाच अधर्म. अशा स्थितीत सॉक्रेटिस त्याला साहजिकच विचारतो की, इतक्या निःशंकपणे जो हे पाऊल उचलतो त्याला धर्म्य काय आणि अधर्म्य काय याचे निश्चित ज्ञान असलेच पाहिजे. तर ते मला सांग.

येथून पुढे युथिफ्रो एकामागून एक व्याख्या देतो आणि सॉक्रेटिस प्रत्येकीवर हरकत घेतो. मी आता करतो आहे तेच धर्म्य, हे पहिले उत्तर. पण ते उदाहरण झाले, लक्षण झाले नाही. देवांना जे प्रिय ते धर्म्य, हे दुसरे. पण ग्रीकांच्या कथांत तर देवच आपापसांत भांडतात, एकाला प्रिय ते दुसऱ्याला अप्रिय. मग सर्व देवांना जे प्रिय ते धर्म्य, अशी दुरुस्ती होते. आता सॉक्रेटिस असा प्रश्न करतो की ज्याची धार अडीच हजार वर्षांत बोथट झालेली नाही : एखादी गोष्ट धर्म्य आहे म्हणून ती देवांना प्रिय होते, की देवांना प्रिय आहे म्हणून ती धर्म्य ठरते? पहिला पक्ष स्वीकारला तर धर्म्यतेचे मूळ देवांच्या आवडीपलीकडे कोठे तरी शोधावे लागते, आणि देवांच्या आवडीचे नाव घेऊन व्याख्या पुरी होत नाही. दुसरा पक्ष स्वीकारला तर देवांची आवड उद्या पालटल्यास आजचा अधर्म उद्याचा धर्म होईल, हे मान्य करावे लागते. वाचकाने येथे थांबावे आणि ‘देवांना प्रिय’ याऐवजी ‘शास्त्रास संमत’, ‘कायद्याने मान्य’, ‘समाजास रुचणारे’ असे एकेक पद घालून तोच प्रश्न स्वतःला विचारावा. ग्रीक देवदेवतांशी ज्याचे काही देणेघेणे नाही, त्यालाही हा प्रश्न आपला आहे असे तत्काळ जाणवेल. संवादाच्या अखेरीस व्याख्या हाती लागत नाही. युथिफ्रो कामाची सबब सांगून निघून जातो. नवशिक्या वाचकाला ही अखेर खटकते, परंतु तिचाच मोठा उपयोग आहे : जे उत्तर ग्रंथाने दिले नाही ते शोधण्याची जबाबदारी वाचकावर येऊन पडते.

‘अपॉलॉजी’ आणि ‘क्रिटो’ हे लागोपाठ वाचावेत, आणि त्या दोहोंतील एक ताण नजरेआड होऊ देऊ नये. न्यायसभेपुढील जबानीत सॉक्रेटिस स्पष्टपणे बजावतो की, तत्त्वचिंतन सोडून देण्याच्या अटीवर तुम्ही मला मुक्त केले तर ती अट मी पाळणार नाही. पाचशेच्या आसपास नागरिकांच्या त्या सभेत तो दोषी ठरतो. केवळ तीस मते पलीकडची अलीकडे झाली असती तर सुटलो असतो, असे तो स्वतःच म्हणतो. पुढे तुरुंगात त्याचा जुना मित्र क्रिटो पहाटे येऊन पळून जाण्याचा सर्व बंदोबस्त झाल्याचे सांगतो, तेव्हा तोच सॉक्रेटिस म्हणतो की सत्तर वर्षे ज्या नगरीच्या कायद्यांच्या आश्रयाने राहिलो, त्या कायद्यांचा निर्णय प्रतिकूल लागताच तो मोडणे अन्याय्य होय. मग आज्ञा मोडण्याची भाषा करणारा सॉक्रेटिस खरा, की आज्ञा पाळून मरण पत्करणारा? दोन्ही विधाने एका सुसंगत भूमिकेत बसवता येतात काय? हा प्रश्न घेऊन दोन्ही ग्रंथ पुन्हा उघडणारा वाचक तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी झाला, असे खुशाल समजावे.

‘अपॉलॉजी’चे सामर्थ्य आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासातही दिसून आलेले आहे. गांधींनी 1908 साली दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात ‘अपॉलॉजी’चा गुजराती गोषवारा ‘एक सत्यवीराची कथा’ या अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याची जी पुस्तिका निघाली तिच्यावर 1910 साली मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्या’बरोबरच बंदी घातली. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका आरोपीची जबानी इंग्रज सरकारला धोक्याची वाटली, यात तिच्या आशयाची पुरेशी साक्ष आहे.

चौरसाची दुप्पट

या तीन संवादांनंतर ‘मेनो’ घ्यावा. सद्गुण शिकवता येतो काय, असा त्याचा विषय. परंतु त्याच्या मध्यभागी एक असा प्रसंग आहे की जो वाचकाने कागद आणि पेन्सिल घेऊनच वाचला पाहिजे. मेनो अशी अडचण काढतो की, जे आपल्याला ठाऊक नाही त्याचा शोध तरी कसा घ्यावा? ते समोर आले तरी हेच ते, असे ओळखावे कशावरून? उत्तरादाखल सॉक्रेटिस मेनोच्या परिवारातील एका गुलाम मुलाला बोलावतो. त्या मुलाने भूमिती कधी शिकलेली नाही. दोन फूट बाजूचा एक चौरस काढून सॉक्रेटिस विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर त्याची बाजू किती घ्यावी? मुलगा तत्काळ म्हणतो, दुप्पट, म्हणजे चार फूट. आकृती काढून पाहावी तर क्षेत्रफळ चारावरून आठ होण्याऐवजी सोळा होते. मग तो म्हणतो तीन फूट. पण तीन त्रिक नऊ. आता मुलगा निरुत्तर होतो आणि आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली देतो. त्यानंतरच सॉक्रेटिस मूळ चौरसाचा कर्ण दाखवतो, आणि कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट येतो हे तो मुलगा स्वतःच्या नजरेने ताडून पाहतो.

कर्णावरचा चौरस दुप्पट असतो, ही गोष्ट आपल्या शुल्बसूत्रकारांनाही अवगत होती. बौधायनाने ती स्पष्टपणे नमूद केलेली आहे. तेव्हा या प्रसंगाचे मोल भूमितीत नाही. मुलाच्या ज्ञानाच्या तीन अवस्था येथे डोळ्यांसमोर घडतात : चुकीचे उत्तर खात्रीने देणारा मुलगा, ठाऊक नाही असे कबूल करणारा मुलगा आणि कारणासह उत्तर पाहणारा मुलगा. यांपैकी मधली अवस्था पहिलीपेक्षा श्रेष्ठ आहे असे सॉक्रेटिस मेनोकडून कबूल करून घेतो, कारण आता त्या मुलाला शोध घ्यावासा वाटेल. आत्म्याला हे ज्ञान जन्मापूर्वीच होते आणि शिकणे म्हणजे स्मरण, असा जो निष्कर्ष प्लेटो काढतो तो वाचकाने मान्य केलाच पाहिजे असे नाही. उलट, सॉक्रेटिसचे प्रश्नच उत्तर सुचवीत होते काय, ही हरकत त्याने स्वतः घेऊन पाहावी आणि प्रत्येक प्रश्न त्या दृष्टीने तपासावा.

पुढे ‘रिपब्लिक’चे दहा भाग आहेत, त्यांतील पहिला भाग आणि दुसऱ्याचा पूर्वार्ध एवढे आरंभी पुरेत. न्याय म्हणजे बलवानांचे हित, हा थ्रॅसिमेकसचा पक्ष आणि अदृश्य करणारी अंगठी हाती आली तर न्यायी माणूसही न्यायी राहील काय, हा ग्लॉकनचा प्रश्न, हे दोन पूर्वपक्ष इतक्या ताकदीने मांडलेले आहेत की उर्वरित ग्रंथ त्यांचे उत्तर देण्यातच खर्ची पडतो. ॲरिस्टॉटलचे उपलब्ध ग्रंथ बहुतांशी अध्यापनाच्या टिपणांच्या स्वरूपाचे असल्याने त्यांची शैली रूक्ष वाटते. त्याच्या ‘निकोमेकीयन नीतिशास्त्रा’तील मैत्रीवरील आठवा व नववा भाग प्रथम वाचावा, म्हणजे उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी केलेल्या मैत्रीचे त्याचे पृथक्करण अनुभवाशी ताडून पाहता येते.

देकार्त आणि एलिझाबेथ

ग्रीकांनंतर सुमारे दोन हजार वर्षे ओलांडून रेने देकार्तकडे यावे. मधल्या काळात ऑगस्टीन आणि थॉमस ॲक्वायनस यांसारखे थोर विचारवंत झाले, त्यांच्याकडे पुढे परतता येईल. परंतु देकार्तच्या ‘मेडिटेशन्स’ या 1641 साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा ग्रंथात विचार जणू शून्यापासून सुरू होतो, म्हणून तो नवशिक्यास विशेष उपकारक आहे. सहा चिंतने आहेत. पहिल्यात इंद्रियांवर, मग जागृतीवर आणि अखेर गणितावरही संशय घेतला जातो. दुसऱ्यात, संशय घेणारा ‘मी’ तरी असलाच पाहिजे, या एका निश्चितीवर पाऊल टेकते. पहिल्या चिंतनावर वाचकांनी निदान काही आठवडे, शक्य तर काही महिने घालवावेत, अशी अपेक्षा देकार्तने स्वतः व्यक्त केलेली आहे. एवढा काळ आपण न दिला तरी एका बैठकीत एकाहून अधिक चिंतन वाचू नये.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की देकार्तने तो हस्तलिखित स्वरूपातच विद्वानांकडे पाठवून त्यांच्या हरकती मागवल्या, आणि हरकती व त्यांची उत्तरे मूळ ग्रंथाबरोबर छापली. हॉब्ज, आर्नो, गासेंदी यांचे आक्षेप त्यात आहेत. परंतु सर्वांत मर्मभेदक आक्षेप पुढे 1643 च्या मे महिन्यात एका पत्रातून आला. हेग येथे निर्वासित अवस्थेत राहणाऱ्या बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, देकार्तला विचारले की, आत्मा जर केवळ विचाररूप आहे, त्याला लांबीरुंदी नाही आणि तो कशास स्पर्श करू शकत नाही, तर तो शरीर हलवतो कसा? एखादी वस्तू दुसरीस हलवते ती ढकलून किंवा स्पर्शाने. आणि स्पर्शास तर विस्तार हवा. वस्तूचे वजन तिला खाली नेते, पण ते काही दुसऱ्या वस्तूच्या स्पर्शाने नेत नाही. तसेच काहीसे आत्म्याचे समजावे, असा दाखला देकार्तने दिला. राजकन्येने, या उत्तराने आपले समाधान होत नाही, असे नम्रपणे पण निःसंदिग्धपणे कळवले. हा पत्रव्यवहार देकार्तच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालला, 1644 चा ‘प्रिन्सिपल्स’ हा ग्रंथ त्याने तिलाच अर्पण केला, आणि मनोविकारांवरील त्याच्या शेवटच्या ग्रंथाची प्रेरणाही याच संवादातून आली. सहावे चिंतन संपताच ही पहिली काही पत्रे वाचावीत. महान तत्त्वज्ञाला निरुत्तर करणारा प्रश्न साध्या भाषेत, एका कागदावर लिहिता येतो, हे पाहून नवशिक्याचे भय बरेच नाहीसे होते.

ह्यूम, आणि त्याच्यामागून कांट

डेव्हिड ह्यूमचा 1748 सालचा मानवी आकलनाविषयीचा ‘एन्क्वायरी’ हा ग्रंथ त्यानंतर घ्यावा. त्याचा आधीचा मोठा ग्रंथ, ‘ट्रीटिज’, 1739-40 साली निघाला आणि त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. म्हणून त्याने तोच विचार अधिक सुबोध रीतीने पुन्हा मांडला, याचा लाभ आपण घ्यावा. चौथ्या आणि पाचव्या विभागांत ह्यूम विचारतो : आजवर अन्नाने माझे पोषण झाले, म्हणून उद्याचे अन्नही पोषण करील हे मी कोणत्या युक्तिवादाने जाणतो? आजवर निसर्ग एकसारखा वागला म्हणून पुढेही वागेल, असे म्हणावे, तर जे सिद्ध करावयाचे तेच आपण गृहीत धरले. अनुमानाच्या बळावरच सर्व शास्त्रे उभी आहेत, आणि त्या अनुमानास आधार सवयीचा आहे, युक्तिवादाचा नाही, असा त्याचा निष्कर्ष. चार्वाकांनी अनुमानाच्या प्रामाण्यावर घेतलेला आक्षेप आणि नैयायिकांनी व्याप्तीच्या ज्ञानाविषयी केलेली चर्चा ज्याच्या परिचयाची आहे, त्याने दोन्ही बाजू शेजारी ठेवून अवश्य पाहाव्यात.

ह्यूमचा हा आघात मनावर उमटल्यावाचून कांट उघडू नये. त्याच्या 1781 सालच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ची पहिली आवृत्ती आठशेहून अधिक पृष्ठांची होती, आणि समकालीन विद्वानांनाही ती दुर्बोध वाटली, म्हणून 1783 साली कांटने ‘प्रोलेगोमिना’ हे छोटे पुस्तक लिहिले, आणि ह्यूमने आपल्याला जागे केले असा निर्वाळा त्यात दिला. नवशिक्याने तेच घ्यावे. नीतिविचाराची ओढ असेल तर 1785 सालचे ‘ग्राउंडवर्क’ घ्यावे. हेगेल, हायडेगर आणि विट्गेनस्टाइन यांचे मुख्य ग्रंथ याच कारणाने लांबणीवर टाकावेत, कारण ज्या वादांत ते हस्तक्षेप करतात ते वाद आधी ठाऊक असल्यावाचून त्यांचे म्हणणे गूढ वाटते. नीत्शेची अडचण उलट प्रकारची आहे : त्याची वाक्ये सहज समजल्यासारखी वाटतात, आणि ती कोणावर रोखलेली आहेत हे न कळताच वाचक त्यांच्या आवेगात वाहून जातो.

मराठी वाचकाच्या जवळचा मिल

एका ग्रंथकाराच्या बाबतीत मराठी वाचकास विशेष सोय आहे. जॉन स्टुअर्ट मिलचे 1859 चे ‘ऑन लिबर्टी’ आणि 1861 चे ‘युटिलिटेरियनिझम’ हे दोन्ही छोटे ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात प्रत्यक्ष वावरलेले आहेत. आगरकरांच्या सुधारणावादामागे मिल आणि स्पेन्सर यांचे वाचन आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त बेंथम-मिल यांच्या सुखवादाची बारकाईने चिकित्सा केलेली आहे, आणि कांट व ग्रीन यांचाही परामर्श घेतलेला आहे. म्हणून मिलचे दुसरे पुस्तक वाचल्यावर ‘गीतारहस्या’तील आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण काढावे आणि टिळकांनी मिलचा पक्ष यथातथ्य मांडला आहे काय, त्यांचा आक्षेप कोठे नेमका लागतो, मिलला त्यावर उत्तर देता आले असते काय, हे तपासावे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि मराठी तत्त्वचिंतक यांचा असा प्रत्यक्ष सामना वाचावयास मिळणे हे भाग्य आहे. ते वाया दवडू नये.

वाचनाची रीत

आता रीतीविषयी थोडे. भाषांतर निवडताना समासात क्रमांक असलेली आवृत्ती घ्यावी. प्लेटोच्या ग्रंथांतील स्थळे 1578 साली आँरी एस्तिएन याने काढलेल्या आवृत्तीच्या पृष्ठांनुसार आणि ॲरिस्टॉटलची स्थळे बेकरने संपादिलेल्या बर्लिन आवृत्तीनुसार दाखवण्याचा सार्वत्रिक प्रघात आहे. ते आकडे असले म्हणजे दोन भाषांतरे किंवा एक भाषांतर व एक टीकाग्रंथ सहज ताडून पाहता येतात. जॉवेट यांचे प्लेटोचे 1871 चे इंग्रजी भाषांतर सर्वत्र उपलब्ध आहे, पण त्याची इंग्रजी जुन्या वळणाची आहे. ज्यांना ती जड वाटेल त्यांनी पेंग्विनचे ‘द लास्ट डेज ऑफ सॉक्रेटिस’ घ्यावे, त्यात वरील तीन संवाद आणि ‘फीडो’ असे चारही एकत्र मिळतात.

प्रत्येक संवाद किंवा प्रकरण दोनदा वाचावे : प्रथम सलग, कोठे न अडखळता, नंतर हाती लेखणी घेऊन. दुसऱ्या वाचनात वहीच्या पानाचे दोन रकाने करावेत आणि डाव्या बाजूस प्रतिपादन, उजव्या बाजूस त्यावरील हरकत, असे स्वतःच्या मराठीत लिहीत जावे. हे टिपण मराठीतच असावे यावर भर देण्याचे कारण असे की, परक्या भाषेतील वाक्य जसेच्या तसे उतरून घेता येते आणि ते समजल्याचा आभास होतो. तेच आपल्या भाषेत मांडू लागलो की कोणता दुवा आपल्याला उमगलेला नाही हे लागलीच उघड होते. उजवा रकाना रिकामा राहिला तर तो उतारा अद्याप समजलेला नाही असे मानावे, आणि पुन्हा वाचावा. शक्य असेल तर एखादा सोबती मिळवावा, आणि दोघांनी आलटून पालटून ग्रंथकाराचा व आक्षेपकाचा पक्ष घ्यावा; ज्याला ग्रंथकार पटलेला आहे त्याने आक्षेपकाची बाजू लढवावी, हा नियम विशेष फलदायी ठरतो.

रोज तासभर देणाऱ्या वाचकास हा क्रम एका वर्षात सावकाश पुरा करता येईल. त्यातून त्याच्या हाती कदाचित एकही अंतिम सिद्धान्त लागणार नाही. पण प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडण्याची शक्ती लागेल, आणि ही शक्ती न्यायसभेत, वृत्तपत्रात, घरातील वादात, सर्वत्र दुर्मिळ आहे. वर्षाअखेर त्याने आपली स्वतःची एक अत्यंत प्रिय श्रद्धा निवडावी, धर्माविषयीची, राष्ट्राविषयीची अथवा नीतीविषयीची. वहीच्या डाव्या रकान्यात ती लिहावी, आणि उजव्या रकान्यात तिच्यावरील सर्वांत बलवान आक्षेप, काहीही हातचे न राखता, स्वतःच्या हाताने लिहावा. तो आक्षेप निवारता आला तर श्रद्धा पूर्वीपेक्षा दृढ होईल. निवारता आला नाही तर पुढे काय वाचावयाचे हे त्याला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.